मध कोणाचा?

पंचामृत कोणाच्या घरी होत नाही? दूध, दही, तूप, मध आणि साखर. पैकी पहिल्या तिहींच्या मागे गाय उभी असते आणि तिचे उपकार आपण निदान तोंडाने तरी आठवतो. साखरेमागे उसाचा फड आहे, ऊस तोडणारे कष्टकरी आहेत. मधाच्या मागे कोण उभे आहे हे मात्र पळीभर मध वाटीत सोडताना क्वचितच कोणाच्या मनात येते. मध बाटलीतून आला, बाटली दुकानातून आली, विषय संपला. पण ज्याच्या परसात मधपेट्या आहेत त्याचा विषय इतक्या लवकर संपत नाही. मी गेली तीस-बत्तीस वर्षे सातेरी माशीच्या पेट्या पाळून आहे. वारीही जवळजवळ तितकीच वर्षे घडते आहे. ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही हिशेब आहे हे मला फटका बसल्यावर कळले. तो हिशेब वाचकांपुढे ठेवावा म्हणून हे लिहितो. प्रश्न साधाच आहे. माशीने साठवलेला मध आपण काढून घेतो, तो कोणत्या अधिकाराने?

हा प्रश्न आजचा नाही. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले आहेत. त्यांत मधमाशी आहे, आणि मध काढून नेणारा मधुहाही आहे. नाथमहाराजांनी ह्याच एकादश स्कंधावर टीका केली आणि ती १५७३ साली काशीक्षेत्री पुरी केली. तेव्हा सप्ताहात, फडावर हा दृष्टांत ऐकला नाही असा वारकरी विरळा. माशीपासून अवधूत दोन धडे घेतो. थोडे थोडे अनेक ठिकाणांहून घ्यावे आणि देणाऱ्याला इजा होऊ देऊ नये, हा एक. आपला 'मधुकरी' हा शब्द त्या मधुकरावरूनच आला. साठा करू नये, कारण माशी साठ्यापायी साठ्यासकट बुडते, हा दुसरा. आणि मधुह्यापासून घ्यायचा धडा असा की, लोभ्याने कष्टाने जमवलेले धन भलताच कोणी येऊन भोगतो.

कीर्तनकार हा दृष्टांत फार रंगवून सांगतात. माशी राब राब राबते, स्वतः खात नाही, दुसऱ्याला देत नाही, आणि एके रात्री कोणी चूड पेटवून येतो आणि सगळे घेऊन जातो! मंडपात हशा पिकतो, दोघाचौघांच्या माना गावच्या सावकाराकडे वळतात. मीही हसलो आहे. पण पेट्या पाळू लागल्यापासून हा दृष्टांत ऐकताना दाताखाली खडा आल्यासारखे होऊ लागले. संन्याशाने साठा करू नये हे खरेच, पण तो धडा संन्याशाचा आहे. दृष्टांत ऐकून घरी जाणारा संसारी माणूस त्यातून भलतेच उचलतो. त्याला वाटते, दोष काय तो साठवणारीचा, नेणाऱ्याचा काही नाही. आता मधुहा गुरूंच्या यादीत बसला म्हणून त्याचे करणे पावन झाले असे थोडेच आहे? त्याच यादीत अजगरही आहे. अजगराकडून आयते येईल त्यावर समाधान मानायला शिकावे, पण म्हणून कोणी शेजाऱ्याची शेळी गिळायला निघत नाही.

आणि माशी कृपण आहे हे तरी खरे आहे काय? ते पाहायचे तर जरा वेळ पोथी मिटून पेटी उघडावी लागते.

आमच्या कोयनेच्या खोऱ्यात माशा तीन-चार जातींच्या. आग्या मोहोळाची माशी उंच कड्याला किंवा मोठ्या झाडाच्या फांदीला एकच भले थोरले पोळे लावते. फुलोरी झुडपात तळहाताएवढे लावते. ह्या दोघी उघड्यावर राहणाऱ्या, त्या पेटीत नांदत नाहीत. सातेरी मात्र अंधारात राहते, झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या भगदाडात. आणि एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधते. म्हणून तिला पेटी मानवते. पेटीच्या खालच्या कोठीत राणी अंडी घालते आणि पिलावा वाढतो. पिलाव्याच्या वरच्या अंगाला, हाताशी असावा तसा, रोजच्या खाण्याचा मध भरलेला असतो. ही कोठी भरली आणि रानात फुलोरा चांगला असला की तिच्यावर दुसरी कोठी ठेवायची. तीत माशा जादा मध भरतात. ती मधकोठी.

पेटी येण्याआधी आमच्याकडे मध काढणे म्हणजे मारणे होते. माझ्या लहानपणी अंधाऱ्या रात्री मोहोळ झाडायला जाणारी माणसे मी पाहिली आहेत. चुडीच्या जाळात माशा पटापट पडायच्या, सकाळी झाडाखाली त्यांचा सडा असायचा. पोळे कापून फडक्यात घालून पिळायचे; त्यात मध, मेण, परागाच्या गोळ्या आणि पांढरी अळी, सगळे एकत्र. वरून गाळून घेतले की झाला मध. अंगावर शहारे येतात, पण त्या काळी कोणाला त्यात काही वाटत नव्हते. मलाही नव्हते. गुळासारखे बोट चाटत होतो.

ह्यातून सुटका दोन-तीन युक्त्यांनी झाली. १८५१ साली अमेरिकेतल्या लँगस्ट्रॉथ नावाच्या पाद्र्याने हे ओळखले की, पोळ्याच्या कडेने बोटभरही नाही अशी एक ठराविक वाट माशा येण्याजाण्यासाठी मोकळी सोडतात. चौकट आणि पेटी ह्यांमध्ये नेमकी तेवढीच जागा ठेवली तर माशा ती चिकटवून टाकत नाहीत, आणि चौकट पुस्तकाच्या पानासारखी बाहेर काढून परत ठेवता येते. पुढे १८६५ साली ह्रुश्का नावाच्या ऑस्ट्रियाच्या फौजेतल्या अंमलदाराने चौकट गरगर फिरवून मध काढण्याचे यंत्र दाखवले. ह्या यंत्रात मध बाहेर उडतो आणि पोळे शाबूत राहते. ही गोष्ट लहान नाही. मेण माशीच्या अंगातून पाझरते आणि थोडे मेण करायला तिला त्याच्या कितीतरी पट मध खावा लागतो. पोळे परत मिळाले तर तो सगळा खर्च वाचला. आपल्याकडे तिरुचिरापल्लीच्या फादर न्यूटन ह्यांनी सातेरीच्या बेताची लहान पेटी केली. १९३४ साली गांधीजींनी वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ काढला, त्याच्या मगनवाडीत तेलघाणी आणि हातकागदाच्या जोडीला मधमाश्या पाळणेही शिकवीत. महाबळेश्वरला १९४६ साली मध संचालनालय निघाले आणि आमच्या डोंगरातल्या घराघरांच्या मागे पेट्या दिसू लागल्या. २०२२ च्या मे महिन्यात त्याच तालुक्यातले मांघर हे 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले, हे पुष्कळांनी वाचले असेल.

पेटीने मारणे थांबवले हे तिचे पुण्य. पण मारणे थांबले तेव्हाच खरा प्रश्न उभा राहिला. चूड घेऊन जाणाऱ्याला 'किती घेऊ?' हा प्रश्न पडतच नाही, तो सगळेच घेतो. पेटीवाल्याला तो दर वर्षी पडतो.

आता माशीच्या साठ्याचे ऐका. फुलातला रस पाण्यासारखा पातळ असतो, त्यात निम्म्याहून अधिक पाणीच. माशी तो पोटातल्या पिशवीत भरून आणते, दुसरीच्या तोंडात देते, ती तिसरीच्या. मग तो घरात ठेवून रात्र रात्र पंखांचा वारा घालतात. शंभर भागांत पाणी वीसेक भाग उरले म्हणजे मध पिकला. मग त्या घरावर मेणाचे झाकण घालून तो बंद करतात. एका कामकरी माशीच्या साऱ्या जन्माची मिळकत चहाच्या चमच्याचा बारावा हिस्सा भरते असे सांगतात. आणि तिचा जन्म केवढा? फुलोऱ्याच्या दिवसांत, राबण्याच्या हंगामात, सहा आठवड्यांचा.

हे सहा आठवडे ध्यानात घ्या. सगळी गोम त्यात आहे. आमच्याकडे फाल्गुन-चैत्रात जांभूळ फुलते, मागून हिरडा आणि गेळा येतात. वैशाखाअखेर मधाचा हंगाम आटोपतो. मग मृगाचा पाऊस लागतो, आणि आमचा पाऊस म्हणजे शहरातला नव्हे. आषाढात आठ-आठ दिवस माशीला दाराबाहेर डोके काढता येत नाही. तेव्हा तो साठा लागतो. पण चैत्रात ज्या माशीने रस आणला ती आषाढ पाहायला जिवंत असते कुठे? जी खाते ती, मध भरला गेला तेव्हा बहुधा जन्मालाही आलेली नसते. म्हणजे माशी स्वतःसाठी साठवीतच नाही. जिला ती कधी पाहणार नाही अशा बहिणीसाठी साठवते. ह्याला कृपणपणा म्हणायचे तर आपल्या आईबापांनी आपल्यासाठी लावलेल्या आंब्यालाही लोभ म्हणावे लागेल. अर्थतज्ज्ञ कुमारप्पा मगनवाडीतच काम करीत. त्यांनी १९४५ च्या एका पुस्तकात निसर्गातल्या जीवांच्या पोट भरण्याच्या तऱ्हा लावल्या, तीत आमराई लुटणारे माकड खालच्या पायरीवर ठेवले आणि सगळ्या पोळ्यासाठी राबणारी माशी पुष्कळ वरच्या. आपण कोणत्या पायरीवर, हे ज्याने त्याने पाहावे. मी १९९७ साली कोणत्या पायरीवर होतो ते सांगतो.

त्या साली माझ्याकडे चार पेट्या होत्या. हंगाम बरा गेला होता. आमच्या गावची लहानशी दिंडी. तिच्या एका मुक्कामाची पंगत मी अंगावर घेतली होती. बोलून बसलो होतो आणि हातात पैसा नव्हता. मधाला भाव चांगला आला होता. मधकोठ्यांतून सोळा किलोच्या आसपास मध निघाला, पण त्यात पंगतीचा खर्च भागेना. मग मी खालच्या कोठीला हात घातला. चार पेट्यांच्या खालच्या चौकटी काढल्या, पिलाव्याच्या वरचा मध यंत्रात घालून फिरवला. यंत्र पिलावा आणि मध ओळखत नाही. मधाबरोबर पांढऱ्या अळ्या उडून आल्या. त्या फडक्याने गाळून टाकल्या. एकूण तेवीस किलो भरला. रिकाम्या चौकटी जागच्या जागी ठेवल्या, आणि फार चांगले काम केल्याच्या आनंदात हात धुतले. खोटे कशाला बोलू, मनात जराही टोचले नाही. स्वतःच्या पोटात घातला असता तर कदाचित टोचले असते. पण हा तर धर्माचा खर्च! पंगत होती माळकऱ्यांची.

पंगत झाली. लोणंदच्या पुढे, भर पावसात, ताडपत्रीखाली लोक जेवले. बुंदी होती. कोणी म्हाताऱ्या माउलीने जेवून उठताना माझ्या तोंडावरून हात फिरवला. तो हात मला अजून आठवतो, आणि पुढे जे घडले त्याने त्या हाताची किंमत कमी झाली असेही मी म्हणणार नाही.

पंढरीचा काला करून एस.टी.ने परत आलो त्याला घर सोडून जवळ जवळ महिना झाला होता. पाऊस लागून राहिलेला. दोन दिवस पेट्यांकडे गेलो नाही. तिसऱ्या दिवशी उघडीप मिळाली, गेलो. दारावर एकही माशी नव्हती. पहिली पेटी उघडली, ती रिकामी. बहुधा पावसाच्या आधीच उठून गेल्या असाव्यात. सातेरीचा तो स्वभावच आहे, घरात खायला नाही असे दिसले की सगळे मोहोळ उठते. दुसरीही तशीच, पोळ्यांवर मेणकिड्याने जाळी धरली होती. तिसरी उघडली. तिच्यातल्या गेल्या नव्हत्या. तळफळीवर मूठभर मेलेल्या माशा ओल्या होऊन चिकटल्या होत्या, आणि पोळ्यावर दाटीने माशाच माशा, पण हलत नव्हत्या. जवळून पाहिले तो प्रत्येक माशीचे डोके घरात खुपसलेले आणि मागचा भाग तेवढा बाहेर. रिकाम्या घराचा तळ चाटता चाटता गेल्या होत्या. चौथ्या पेटीत थोड्या धुगधुगी असलेल्या होत्या, त्या मी वाचवू शकलो नाही.

मला आधी वाटले रोग आला. आमच्या वाडीवर एक आबा होते, त्यांनी उभा जन्म पेट्यांत घालवलेला. त्यांना ते पोळे दाखवले. त्यांनी ते उजेडाला धरले आणि म्हणाले, "रोग न्हाई गड्या. उपाशी मेल्यात ह्या. खालची कोठी तू काढलीस का?"

मी म्हणालो, "आबा, माझ्या पोटात नाही घातला. दिंडीच्या पंगतीला घेतला व्हता."

आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आरं, पंगत कुणाची व्हती ते माशीला काय ठावं? तिच्या ताटातलं गेलं, येवढं तिला ठावं. आन् तुला तरी दिंडीतल्या कुणी सांगितलं व्हतं का, पोरांच्या तोंडचं काढून आम्हाला बुंदी घाल म्हनून?"

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागले.

ह्या प्रसंगावर मी पुष्कळ वर्षे विचार केला आहे. पहिल्या पहिल्यांदा मी स्वतःला समजावीत असे की, हेतू चांगला होता, कृती तेवढी चुकली, अजाणता झाली. पण अजाणता कशी? खालच्या कोठीला हात लावू नये हे मला पेटी घेतली तेव्हाच शिकवले होते. मला माहीत होते. माहीत असून लावला, कारण हेतू चांगला होता. म्हणजे चांगल्या हेतूने माझी चूक झाकली असे नव्हे, त्यानेच ती करवून घेतली. स्वतःसाठी घेताना माणसाचा हात थोडा तरी आखडतो. देवाच्या नावाने घेताना तो सैल सुटतो, आणि समोरचा मुका असला तर विचारायलाच नको. ही गोष्ट मधापुरतीच आहे असे मला वाटत नाही. देवळाच्या जीर्णोद्धारासाठी गरिबाच्या घरी जाऊन वर्गणीचा आकडा आपणच सांगणारे लोक आपल्यात आहेत. पण तो विषय निराळा, मी पेट्यांपुरतेच बोलतो.

येथे कोणी म्हणेल, मग मध सोडूनच द्यावा. जैन बांधव मद्य, मांस आणि मध ही तिन्ही एका ओळीत ठेवून सोडतात, आणि त्यांचे म्हणणे मी हसण्यावारी नेणार नाही. माझ्या तिसऱ्या पेटीपुढे उभे राहून कोणी ते मला सांगितले असते तर मी खाली मान घातली असती. पेटीतल्या मधानेही एखाद-दुसरी माशी चौकटीखाली चिरडतेच. कोणी घाबरून नांगी मारते, तिची नांगी आपल्या कातड्यात अडकते आणि ती मरते. हे टाळता येत नाही. तेव्हा मध घेणे निर्दोष आहे असे मला म्हणता येणार नाही. पण पेट्या मोडून टाकल्याने मी निर्दोष होतो काय, ह्याचेही उत्तर मला मिळत नाही. ढोली असलेली जुनी झाडे आम्हीच तोडली. शेतात औषधे आम्हीच फवारतो. माझ्या परसातल्या भोपळ्या-कारल्यांची फुले माशीवाचून धरत नाहीत, रानातल्या जांभळीचेही पुष्कळसे तिच्यावरच चालते. तिचे आपल्यावर देणे आधीपासून आहे, मध न खाल्ल्याने ते फिटत नाही.

दुसरे काही जण ह्याच्या उलट टोकाला जातात. म्हणतात, आपण तिला घर देतो, मुंग्यांपासून राखतो, स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवतो, मग मध हे घरभाडेच नाही का? हे मला पटत नाही. भाडे ठरवायला दोघे लागतात. माशीने आपल्याला बोलावले नव्हते, ढोलीत तिचे बरे चालले होते. मात्र ह्या बोलण्यात एक खरा कण आहे तो असा की, माशीला दावे नसते. गाय गोठ्यात बांधलेली असते, माशीचे दार उघडे असते, आणि नाही पटले तर ती जाते. माझ्या दोन पेट्या गेल्याच की. हा तिचा कौल आहे असे मी धरून चालतो. आता येथेही पूर्ण खरे सांगायचे तर, नवे मोहोळ पेटीत भरले की आम्ही दारावर बारीक फटींची जाळी लावतो. तीतून कामकरी माशा जातात, राणीला जाता येत नाही, आणि राणी नाही म्हणून मोहोळही उठत नाही. मी ती चार-पाच दिवसांत काढतो. काही जण महिनोन् महिने ठेवतात. उघडे दार म्हणायचे आणि अशी जाळी ठेवायची, हे बरे नव्हे.

सर्वांत अवघड प्रश्न साखरेचा. पुष्कळ पेटीवाले मध सगळा काढून घेतात आणि पावसाळाभर माशांना साखरेचा पाक पाजतात. हिशेबाने हे बिनतोड आहे. मधाचा भाव एवढा, साखरेचा एवढा, माशी जगली, माणसाला चार पैसे सुटले. ह्यात चोरी कुठे? मी स्वतः पाक पाजला आहे. फुलोरा बुडाला, पाऊस लांबला, अशा वर्षी पाजलाच पाहिजे. न पाजणे हे पाप. परंतु भुकेलेल्याला शिधा देणे निराळे, आणि त्याचे धान्य विकून त्याला शिध्यावर ठेवणे निराळे. मधात परागाचा, नाना फुलांचा अंश असतो, साखरेत गोडीपलीकडे काही नाही. पोट दोन्हीने भरते, एवढ्यावरून दोन्ही सारखी होत नाहीत. गरीब पेटीवाल्याला मी हे बोल लावीत नाही. त्याच्या घरी शाळेची फी असते, म्हातारीचे औषध असते, आणि मलाही तेव्हा सात किलो जास्तच हवे होते. मी एवढेच म्हणतो की, साखर पाजली म्हणून फिटंफाट झाली असे त्याने मनाशी धरू नये.

ह्यातली निम्मी जबाबदारी घेणाऱ्याचीही आहे, हे जाता जाता सांगून टाकतो. वर्षाचे बारा महिने, एकाच रंगाचा, एकाच चवीचा आणि स्वस्त मध हवा असा आपला हट्ट असतो. जांभळाचा मध आणि हिरड्याचा मध एकसारखा कसा असेल? कारवीचा तर सात वर्षांतून एकदा, कारवी फुलेल तेव्हाच. आपला हट्ट पुरवायला मग बाजार साखरेचा पाक माशीला न पाजता थेट बाटलीतच घालतो. २०२० च्या डिसेंबरात दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट ह्या संस्थेने बाजारातल्या बाटल्या तपासून घेतल्या, तेव्हा बहुतेकींत अशी भेसळ असल्याचे तिने जाहीर केले. तो पाक पंचामृतात मध म्हणून पडतो. देवाला चालत असेल, भाव पाहतो तो. पण पाहिजे तेवढा आणि पाहिजे तेव्हा मध मागून आपण पेटीवाल्याचा हात खालच्या कोठीपर्यंत ढकलतो, हे घेणाऱ्याच्या ध्यानात असावे.

असो. मग अधिकार कोणता, ह्या मूळ प्रश्नाला माझे उत्तर काय? मला अधिकार सापडला नाही. मला फक्त क्रम सापडला आहे. आधी तिचे, मग उरले तर माझे. ते 'उरले' म्हणजे किती, हे घरात वहीवर ठरवायचे नाही, पेटीपाशी ठरवायचे. आणि ते ठरवताना मध कशासाठी हवा आहे हा विचार मनात आणायचाच नाही. लग्न असो, औषध असो, दिंडीची पंगत असो, खालच्या कोठीला हात नाही. वरच्या कोठीतही झाकण घातलेल्या चौकटीच तेवढ्या घ्यायच्या, उघडा कच्चा मध घ्यायचा नाही, आणि निदान दोन भरल्या चौकटी तिथेच ठेवायच्या. ज्या वर्षी दोनच भरतात त्या वर्षी दोन्ही तिच्या. अशी तीन वर्षे माझ्या वाट्याला आली आहेत. त्यांपैकी एका वर्षी आमच्या घरच्या सत्यनारायणाला मध नव्हता. भटजींनी विचारले तेव्हा मी म्हणालो, गूळ घाला. त्यांनी घातला.

आबा जाऊन आता बरीच वर्षे झाली. त्यांनीच मला तिसऱ्या पेटीचे ते पोळे फेकू दिले नव्हते. "वितळवू नगंस, राहू दे," म्हणाले. ते अजून माळ्यावर कागदात गुंडाळून आहे, माशा केव्हाच झडून गेल्या, नुसते काळे पडलेले मेण उरले आहे. पुढच्या वर्षी त्यांनी आपल्या दोन पेट्या मला दिल्या. पैसे घेतले नाहीत. मी पंगतीची बुंदी घेऊन गेलो होतो, ती मात्र दोन वेळा मागून खाल्ली.

सध्या पेट्या सात आहेत. ह्या वर्षी जांभूळ चांगले फुलले, हिरडा मात्र अवकाळी गारांनी झोडपला. पाच पेट्यांतून मध घेतला, दोन सोडल्या. ज्येष्ठात वारीला निघण्याच्या आदल्या संध्याकाळी माझा एक नेम आहे. प्रत्येक पेटी मागच्या बाजूने एका हाताने बोटभर उचलून पाहायची. हाताला वजन कळते. सहा पेट्या जड लागल्या. सातवी जरा हलकी वाटली, म्हणून धाकट्याला सांगून ठेवले की पंधरा दिवसांनी उघडून बघ, आणि लागलाच तर पाक ठेव, साखर डब्यात आहे. तो म्हणाला, "तुम्ही या जाऊन, बाबा." मग टाळ पिशवीत घातले.